बुशनेल–डॅब्नी भागीदारी

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या इलेक्ट्रॉनीय खेळांचा (व्हिडिओ गेमचा) उद्योग व्यापारी पायावर उभा करणाऱ्या अटारी या अमेरिकन कंपनीच्या मुळाशी असलेली भागीदारी. नोलन बुशनेल (५ फेब्रुवारी १९४३– ) व सॅम्युएल फ्रेडरिक ऊर्फ टेड डॅब्नी (२ मे १९३७–२६ मे २०१८) हे तिचे दोन भागीदार होत. ही भागीदारी प्रत्यक्षात दोन-तीन वर्षेच टिकली. तथापि या अल्पावधीत सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून खेळण्याचे पहिले व्यापारी व्हिडिओ यंत्र बाजारात आले आणि त्यापाठोपाठ ‘पाँग’ या खेळाने एका नव्या उद्योगाची पायाभरणी केली. कल्पना कोणाची, मंडल कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हे प्रश्न भागीदारी संपल्यावर उपस्थित झाले व ते दीर्घकाळ चर्चेत राहिले. त्यामुळे तंत्रविद्येच्या इतिहासाप्रमाणेच व्यवसायातील सहकार्याचे एक उदाहरण म्हणूनही या भागीदारीचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

पूर्वपीठिका : संगणकाच्या पडद्यावर खेळ दाखविण्याचे प्रयोग विद्यापीठांतून प्रथम झाले. १९६२ साली मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी–१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ तयार केला. अन्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांमध्येही तो लवकरच लोकप्रिय झाला. परंतु त्या काळी संगणकाची किंमत लाखावर डॉलर असे. साहजिकच हा खेळ प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर पडू शकला नाही. याच सुमारास राल्फ बेअर (१९२२–२०१४) या अभियंत्याने सँडर्स असोशिएट्स या कंपनीत निराळ्या दिशेने काम केले. घरातील साध्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या खेळयंत्राची रचना त्याने सिद्ध केली. तिच्या आधारे मॅग्नव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये ‘ओडिसी’ हे यंत्र बाजारात आणले. बुशनेल व डॅब्नी यांचे कार्य या दोन प्रवाहांच्या मधोमध येते. विद्यापीठातील महागडा खेळ सामान्य माणसाला नाण्याच्या मोलाने उपलब्ध करून देणे, हा त्यांचा हेतू होता.

भागीदार : बुशनेल यांचा जन्म यूटा राज्यातील क्लिअरफील्ड येथे झाला. यूटा विद्यापीठातून त्यांनी १९६८ मध्ये विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतली. शिक्षण चालू असताना ते फार्मिंग्टन येथील लगून या करमणूक उद्यानात काम करीत. लोकांना खेळाकडे कसे ओढावे, यंत्रे कशी मांडावीत आणि एकेक नाणे कसे जमा होत जाते, याचे प्रत्यक्ष ज्ञान त्यांना तेथे मिळाले. १९६९ मध्ये ते कॅलिफोर्नियातील अँपेक्स कंपनीत रुजू झाले. व्यापारी उपयोगाचे पहिले यशस्वी चित्रफीत-मुद्रण यंत्र १९५६ मध्ये याच कंपनीने तयार केले होते.

डॅब्नी यांचा जन्म सॅन फ्रॅन्सिस्को येथे झाला. इलेक्ट्रॉनिकीचे शिक्षण त्यांनी महाविद्यालयात न घेता अमेरिकन नौसैनिक दलात (मरीन कोअरमध्ये) घेतले. नंतर बँक ऑफ अमेरिका व ह्यूलेट-पॅकर्ड येथे काम करून ते अँपेक्समध्ये आले. दृक्‌संकेतांच्या मंडलांचा त्यांचा अनुभव दांडगा होता आणि हाताने वस्तू घडविण्यातही ते तरबेज होते. अँपेक्समध्ये दोघांची बसण्याची जागा एकाच खोलीत होती. फावल्या वेळात ते ‘गो’ हा पटावरील खेळ खेळत. एकाकडे धंद्याची दृष्टी व आग्रही स्वभाव, तर दुसऱ्याकडे अनुभव व कारागिरी, असा हा योग होता. व्यवसायात अशा जोड्या अनेकदा यशस्वी होतात आणि याच भेदामुळे पुढे फुटतातही.

तंत्र : प्रारंभी दोघांचा विचार असा होता, की एक लहान संगणक विकत घेऊन त्याला अनेक पडदे जोडावेत. ‘डेटा जनरल नोव्हा’ हा सुमारे ४,००० डॉलर किंमतीचा संगणक त्यांच्या नजरेसमोर होता. परंतु अनेक पडद्यांवरील चित्रे एकाच वेळी हलविण्याइतका वेग त्याच्या अंगी नव्हता. तेव्हा संगणकच वगळावा, असे ठरले. हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरला.

त्या काळच्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे व वरून खाली ओळीमागून ओळ फिरत असे. अमेरिकन पद्धतीत एका चित्रात ५२५ ओळी असत व सेकंदास सुमारे ३० चित्रे उमटत (भारतात स्वीकारलेल्या पद्धतीत हे आकडे अनुक्रमे ६२५ व २५ असे होते). प्रत्येक ओळ व प्रत्येक चित्र कोठे सुरू करावयाचे, हे समकालन संकेत ठरवीत. चित्राचे संकेत व समकालन संकेत यांचा मेळ चुकला की चित्र वरखाली धावू लागे. जुन्या संचाचे बटण फिरवून असे धावणारे चित्र थांबविण्याचा अनुभव अनेक वाचकांना असेल. हा दोष मुद्दाम व मोजून मापून निर्माण केला, तर पडद्यावरील ठिपका हवा तेथे नेता येईल काय, असा प्रश्न बुशनेल यांनी विचारला. त्याचे उत्तर डॅब्नी यांनी मंडलाच्या रूपाने दिले.

त्या मंडलाचे तत्त्व सोपे आहे. शलाका एका चित्रात जितकी स्थाने ओलांडते तितके आकडे मोजणारे एक गणित्र (मोजणी करणारे मंडल) असते. त्याच्या जोडीला तेवढेच आकडे मोजणारे दुसरे गणित्र ठेवले व त्याची मोजणी पूर्ण होताच ठिपका उमटविला, तर तो दर चित्रात एकाच जागी दिसतो, म्हणजे स्थिर राहतो. दुसऱ्या गणित्राला एक आकडा जास्त मोजावयास लावले, तर ठिपका दर चित्रागणिक थोडा उशिरा उमटतो व उजवीकडे सरकल्यासारखा भासतो. एक आकडा कमी मोजावयास लावल्यास तो डावीकडे सरकतो. एका ठिपक्याऐवजी एका पूर्ण ओळीचा फरक ठेवला, तर हीच गती वर किंवा खाली होते. खेळणाऱ्याने बटण दाबताच गणित्राची मोजणी बदलावयाची, एवढेच मग उरते. यासाठी आज्ञावली, स्मृती किंवा सूक्ष्मप्रक्रियक यांपैकी काहीच लागत नाही. बाजारात स्वस्त मिळणारी संकलित मंडले पुरतात.

हे काम दोघांपैकी एकाच्या मुलीची झोपण्याची खोली रिकामी करून तीत चालले. ती खोली कोणाच्या घरातील, याविषयी पुढे दोघांनी सांगितलेल्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. खेळाचे संपूर्ण तार्किक मंडल बुशनेल यांनी पूर्ण केले. ठिपका हलविण्याचे मूळ मंडल, विद्युत् पुरवठा, आवाजाची योजना व लाकडी पेटीचा नमुना ही डॅब्नी यांची कामगिरी होती.

‘काँप्युटर स्पेस’ : या उद्योगासाठी दोघांनी ‘सिझिजी’ या नावाने भागीदारी केली. सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येणे, यांसारख्या युतीला ज्योतिषशास्त्रात ही संज्ञा आहे. यंत्रनिर्मितीसाठी भांडवल नसल्याने त्यांनी माउंटन व्ह्यू येथील नटिंग असोशिएट्स या कंपनीशी स्वामित्वधनाचा करार केला व दोघेही तेथे नोकरीस लागले. १९७१ मध्ये ‘काँप्युटर स्पेस’ हे यंत्र बाजारात आले. वळणदार, चकचकीत काचतंतूंच्या पेटीत बसविलेल्या या यंत्रात अवकाशयानाची चित्रे डायोडांच्या जुळणीतून साकार केलेली होती. मंडलफलकावरील डायोडांची मांडणीच यानाच्या आकाराची दिसे. एक हजाराहून अधिक यंत्रे खपली. हा खप तोट्याचा नव्हता. परंतु अपेक्षेच्या मानाने तो कमी ठरला. विद्यापीठ परिसरात लोकप्रिय झालेला हा खेळ सामान्य मद्यगृहातील गिऱ्हाइकाला अवघड वाटे, कारण खेळण्यापूर्वी सूचना वाचाव्या लागत.

याच वर्षी, काँप्युटर स्पेसच्या थोडे आधी, स्टॅनफर्ड विद्यापीठात बिल पिट्स व ह्यू टक या दुसऱ्या एका जोडीने ‘गॅलक्सी गेम’ हे यंत्र बसविले. त्यात त्यांनी पीडीपी–११ हा खराखुरा संगणक वापरला होता. यंत्राचा खर्च सुमारे २०,००० डॉलर झाला आणि एका खेळाचे मोल १० सेंट होते. हे यंत्र विद्यार्थ्यांना अतिशय आवडले. मात्र तो खर्च भरून निघणे शक्य नव्हते. एकाच खेळावरून स्फूर्ती घेतलेल्या या दोन जोड्यांपैकी एक उद्योग उभारू शकली व दुसरी शकली नाही. याचे कारण संगणक वगळण्याच्या उपर्युक्त निर्णयात आहे.

अटारीची स्थापना : नटिंगशी मतभेद झाल्यावर दोघांनी स्वतंत्र होण्याचे ठरविले. सिझिजी हे नाव दुसऱ्या एका व्यवसायाने आधीच नोंदविलेले असल्याने गो या खेळातील काही शब्द त्यांनी सुचविले व त्यांतून ‘अटारी’ हा शब्द निवडला गेला. प्रतिपक्षाची सोंगटी पुढच्याच चालीत मारली जाण्याच्या स्थितीत आली की हा शब्द वापरतात. बुद्धिबळातील ‘शह’ या शब्दाशी त्याचे साम्य आहे. २७ जून १९७२ रोजी अटारी ही कंपनी कायदेशीर रीत्या नोंदविण्यात आली. दोघांनी प्रत्येकी २५० डॉलर घातले होते. काँप्युटर स्पेसचे स्वामित्वधन, शिकागोच्या बॅली कंपनीकडून नवा खेळ तयार करून देण्यासाठी दरमहा मिळणारी रक्कम आणि मद्यगृहांत ठेवलेल्या खेळयंत्रांची आवक यांवर कंपनीचा खर्च भागे. यंत्रे ठेवणे, दुरुस्त करणे व नाणी गोळा करणे हे काम मुख्यतः डॅब्नी पाहत.

‘पाँग’ : अँपेक्समधील तरुण अभियंता ॲलन ॲल्कॉर्न हा अटारीचा पहिला अभियंता होय. त्याचा हात बसावा म्हणून बुशनेल यांनी त्याला टेबल टेनिससारखा एक सोपा खेळ तयार करण्यास सांगितले आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी तसा करार झाल्याची थाप मारली. वस्तुतः मे १९७२ मध्ये बुशनेल यांनी मॅग्नव्हॉक्सच्या ओडिसीवरील टेबल टेनिसचे प्रात्यक्षिक पाहिले होते. ॲल्कॉर्नने सरावाच्या या कामात स्वतःची भर घातली. फळीचे आठ भाग कल्पून चेंडू कोणत्या भागावर आदळतो त्यानुसार त्याची दिशा बदलावी, फटके वाढत जातील तसा वेग वाढावा व टोल्याचा आवाज यावा, अशी योजना त्याने केली. आवाजासाठी वेगळे मंडल न बांधता आधीच उपलब्ध असलेल्या समकालन संकेतांतूनच त्याने तो मिळविला.

साधा कृष्णधवल दूरचित्रवाणी संच व डॅब्नी यांनी तयार केलेली पेटी यांतून जुळविलेला नमुना १९७२ च्या उत्तरार्धात सनीव्हेल येथील अँडी कॅप्स टॅव्हर्न या मद्यगृहात ठेवण्यात आला. काही दिवसांतच यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. ॲल्कॉर्नने जाऊन पाहिले, तेव्हा नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्याने नवे नाणे आत जात नव्हते, एवढाच बिघाड आढळला. खेळ बॅलीला देण्याचा बेत तेव्हा सोडून देण्यात आला व स्वतः उत्पादन करण्याचे ठरले. नोव्हेंबर १९७२ मध्ये पाँग अधिकृतपणे बाजारात आला. सँता क्लॅरा येथे चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या एका रिकाम्या क्रीडागृहात यंत्रांची जुळणी होऊ लागली. पाँगची सुमारे ८,००० यंत्रे खपली. अनुकरण करणाऱ्या कंपन्यांची यंत्रे त्याहून अधिक होती.

पाँगवरून मॅग्नव्हॉक्सने १९७४ मध्ये एकस्वभंगाचा दावा लावला. १९७६ मध्ये तडजोड होऊन अटारीने सुमारे १५ लक्ष डॉलर मोबदल्यात परवाना घेतला. मद्यगृहात नाणे टाकून खेळण्याच्या यंत्राचे जनकत्व बुशनेल व डॅब्नी यांच्याकडे, तर घरगुती खेळयंत्राचे बेअर यांच्याकडे, अशी विभागणी सामान्यतः मान्य केली जाते.

फूट : यश येताच भागीदारीत तडा गेला. पाँग बाजारात येऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच मार्च १९७३ मध्ये डॅब्नी कंपनीतून बाहेर पडले. आपला भाग त्यांनी सुमारे २,५०,००० डॉलरला विकल्याचे सांगितले जाते. फुटीच्या कारणांविषयी दोन बाजू आहेत. डॅब्नी यांच्या सांगण्यानुसार त्यांना निर्णयप्रक्रियेतून हळूहळू वगळण्यात आले, बैठकांना बोलाविले जाईना, आणि आपण भाग विकला नाही तर मालमत्ता दुसऱ्या कंपनीकडे वळविण्यात येईल, असे त्यांना ऐकविण्यात आले. ठिपका हलविण्याच्या पद्धतीचे एकस्व एकट्या बुशनेल यांच्या नावाने मागितल्याचेही त्यांना खटकले. या एकस्वाचा अर्ज १९७२ मध्ये झाला व १९७४ मध्ये ते मंजूर झाले. त्यात शोधक म्हणून बुशनेल यांचेच नाव आहे. बुशनेल यांच्या बाजूने असे सांगण्यात येते, की कल्पना व खेळाची रचना त्यांची होती आणि झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीचा व्याप डॅब्नी यांना पेलवत नव्हता.

येथे कायद्याचा एक मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. साध्या भागीदारीत भागीदारांनी परस्परांशी सचोटीने वागावे व पेढीच्या व्यवहारांची पूर्ण माहिती एकमेकांना द्यावी, असे बंधन असते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या ९ व्या कलमात ते स्पष्टपणे घातले आहे. तसेच वेगळा करार नसल्यास नफ्यात सर्वांचा वाटा समान धरावा, असे १३ वे कलम सांगते. भागीदारीचे कंपनीत रूपांतर होताच हे नाते बदलते. भागीदार हा भागधारक बनतो व त्याचे स्थान भागांच्या संख्येवर, संचालकपदावर आणि लेखी करारावर ठरते. सिझिजीची अटारी झाली तेव्हा डॅब्नी यांच्या स्थानात नेमका हाच बदल घडून आला. शोधाच्या श्रेयाचाही प्रश्न असाच आहे. शोधकाचे नाव एकस्वात नमूद करण्याची तरतूद भारतीय एकस्व अधिनियम, १९७० च्या २८ व्या कलमात केलेली आहे. परंतु त्याचा लाभ ज्याने वेळीच मागणी केली व आपल्या कामाची नोंद ठेवली, त्यालाच मिळतो.

पुढील वाटचाल : १९७५ मध्ये पाँगची घरगुती आवृत्ती सीअर्स या विक्रेत्या कंपनीमार्फत निघाली व तिचे सुमारे दीड लक्ष नग खपले. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी कंपनी सुमारे २ कोटी ८० लक्ष डॉलरना विकत घेतली. १९७७ मध्ये आलेले, बदलत्या खेळपेट्यांचे घरगुती यंत्र (पुढे ‘अटारी २६००’ म्हणून प्रसिद्ध) सुमारे तीन कोटी घरांत पोहोचले. नव्या मालकांशी न पटल्याने १९७८ च्या अखेरीस बुशनेल बाहेर पडले. निकृष्ट खेळांचा पूर व अवास्तव उत्पादन यांमुळे अमेरिकेतील हा बाजार १९८३ मध्ये कोसळला. त्या वर्षी अटारीला ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील ॲलमगॉर्डो येथे पुरण्यात आला. १९८४ मध्ये कंपनीची वाटणी होऊन ती विकली गेली. अटारी हे नाव त्यानंतर अनेक हातांतून गेले.

श्रेयाचा प्रश्न अटारीच्या इतिहासात वारंवार उद्‌भवला. १९७६ च्या ‘ब्रेकआउट’ या खेळाचे मंडल स्टीव्ह जॉब्झ यांनी मित्र स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांच्याकडून तयार करून घेतले. मिळालेल्या अधिक मोबदल्याची माहिती आपणास दिली नव्हती, असे वॉझ्निअ‍ॅक यांनी पुढे सांगितले. कंपनी खेळांवर रचनाकारांची नावे छापू देत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ या खेळातील एका गुप्त दालनात स्वतःचे नाव दडवून ठेवले. अशाच असंतोषातून अटारीच्या चार आज्ञावलीकारांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि वेष्टनावर रचनाकाराचे नाव छापण्याची प्रथा पाडली.

बुशनेल व डॅब्नी यांचे संबंध मात्र पूर्णपणे तुटले नाहीत. बुशनेल यांनी काढलेल्या पिझ्झा टाइम थिएटर या उपाहारगृहांच्या संस्थेसाठी डॅब्नी यांनी नंतर काही खेळ तयार केले. अशा उपाहारगृहाची कल्पना दोघांनी अँपेक्समध्ये असतानाच बोलून ठेवलेली होती. १९८४ मध्ये ती संस्था दिवाळखोरीत निघाल्यावर हे सहकार्यही संपले. डॅब्नी यांनी त्यानंतर इतर कंपन्यांत नोकरी केली व काही काळ पत्नीसह कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागात किराणा मालाचे दुकान चालविले. अनेक वर्षे अटारीच्या प्रचलित इतिहासात त्यांचे नाव क्वचितच आढळे. २००९ मध्ये त्यांची हकीकत एका नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाली आणि पुढे माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयाने त्यांची दीर्घ मुलाखत नोंदवून घेतली. त्यानंतर सहसंस्थापक म्हणून त्यांचा उल्लेख सर्वत्र होऊ लागला. २६ मे २०१८ रोजी कॅलिफोर्नियात कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नाणे टाकून खेळण्याची यंत्रे मुलांच्या परिचयाची झाली, १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी स्थापन केली, तेव्हा खेळांची निर्मितीही महाराष्ट्रात होऊ लागली. आजचे खेळ सूक्ष्मप्रक्रियकावर व आज्ञावलीवर चालतात. डॅब्नी यांचे गणित्रांचे तंत्र सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त होताच १९७० नंतरच्या दशकातच मागे पडले. परंतु महागड्या यंत्राचे काम स्वस्त मंडलाकडून करून घेण्याची जी दृष्टी त्यामागे होती, तिच्यामुळेच हा खेळ प्रयोगशाळेतून बाजारात आला. ती दृष्टी एकट्या बुशनेल यांची नव्हती व एकट्या डॅब्नी यांचीही नव्हती. एकाने विचारलेला प्रश्न व दुसऱ्याने दिलेले उत्तर यांच्या संयोगातून ती साकार झाली. असे श्रेय मागाहून वाटणे कठीण असते. म्हणून संयुक्त उद्योगात प्रत्येकाच्या कामाची नोंद व वाट्याचा करार प्रारंभीच, परस्परविश्वास दृढ असतानाच करून ठेवावा, हा या भागीदारीच्या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.